रूळ गेले, पूल राहिला

‘सैराट’ पाहिलेल्या मंडळींना उजनीचं पाणी वेगळं सांगायला नको. २९ एप्रिल २०१६ ला तो सिनेमा आला आणि तोवर फक्त एस.टी.च्या पाटीवर वाचलेला करमाळा तालुका एकदम पाहायला जायची जागा झाला. नागराज मंजुळे मूळचे जेऊरचे. त्यांनी आपल्याच घरच्या परिसरात कॅमेरा लावला. त्या गाण्यांनंतर लोक गाड्या करकरून कमलाभवानीच्या देवळात जाऊ लागले, कुगावजवळ पाण्यात बुडणारा नि उन्हाळ्यात वर येणारा जुना वाडा शोधू लागले, आणि ‘हेच ते पाणी’ म्हणून फोटो काढू लागले. सिनेमातला परश्या मासेमाऱ्याचा पोरगा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण मला लिहायचंय ते त्याच पाण्यावरच्या एका पुलाबद्दल. भिगवणजवळचा डिकसळचा पूल. दगडी कमानींचा, इंग्रजांच्या काळातला, आणि बांधला तो रेल्वेसाठी. आज त्याच्यावर एक इंचही रूळ नाही.

माझा भाचा पहिल्यांदा तो पूल पाहून म्हणाला, “मामा, हा तर हॅरी पॉटरचा पूल!” त्याचं तसं फार चुकलं नव्हतं. त्या सिनेमातली लाल गाडी ज्या कमानदार पुलावरून वळण घेत जाते तो स्कॉटलंडातला ग्लेनफिनन. २१ कमानी, १०० फूट उंच, १९०१ साली वाहतुकीला खुला झालेला. खाली शील नावाचा मोठा तलाव. जगभरची पोरं तिथे जाऊन गाडीची वाट बघत उभी राहतात. मी भाच्याला म्हटलं, बाबा रे, तुझा तो हॅरी पॉटरचा पूल सिमेंट काँक्रीटचा आहे आणि आपल्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान आहे. आपला अस्सल काळ्या दगडाचा. तो म्हणाला, “पण त्यांच्यावरून गाडी जाते ना अजून.” यावर मला काही सुचलं नाही.

तर आम्ही गेलो होतो जून २०२४ च्या पहिल्या रविवारी. आत्याकडे एक काम होतं. आत्याचं सासर करमाळा तालुक्यात, नदीच्या अलीकडच्या अंगाला. (आमच्या बाजूने अलीकडचं, भिगवणकरांच्या बाजूने पलीकडचं. नदीकाठच्या गावांत हा घोळ कायमचा.) कड्याहून मिरजगाव, कर्जत, राशीन असं जायचं. राशीनच्या देवीला बाहेरूनच हात जोडले, खेडजवळ नदी ओलांडून भिगवणला गेलो, आणि तिथून डिकसळच्या पुलावरून परत नदी ओलांडून आत्याकडे. म्हणजे वाट वाकडी केली, पण पूल पाहायचाच होता. लोकसभेचे निकाल दोन दिवसांवर आलेले, त्यामुळे वाटेत चहाच्या प्रत्येक टपरीवर दुसरा विषय नव्हता.

त्या उन्हाळ्यात उजनीत वजा एकोणसाठ-साठ टक्के पाणी होतं. ज्यांना हे वजा पाणी म्हणजे काय ते माहीत नाही (आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना दरवर्षी सांगावं लागतं) त्यांच्यासाठी: धरण भरतं तेव्हा त्यात साधारण ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी मृतसाठा, आणि त्याच्या वरचं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. टक्के मोजायचे ते या वरच्या साठ्याचे. तो संपला की शून्य. त्याच्याही खाली उपसा चालू राहिला की वजा. वजा साठ म्हणजे मृतसाठ्यातलंही जवळजवळ निम्मं संपलेलं. पावसाळ्याआधी उजनी वजात जाते यात सोलापूर जिल्ह्यात कुणाला नवल वाटत नाही, पण वजा साठ म्हणजे फारच झालं. २०२३ चा पाऊस कमी झाला होता, त्याचा हा परिणाम.

पण माझ्यासारख्या रिकामटेकड्याला पूल पाहायला तेच बरं पडलं. धरण भरलेलं असलं की कमानींचा बराचसा भाग पाण्याखाली असतो आणि पूल पाण्यावर टेकवून ठेवलेल्या रस्त्यासारखा दिसतो. त्या दिवशी तो उभा दिसत होता. दगडावर पाण्याच्या पातळ्यांचे पट्टे, गाळाचा पांढरट लेप, आणि भेगाळलेल्या काठावर चरणाऱ्या शेळ्या. पुलावर रस्ता अरुंद. समोरून गाडी आली की एकाने थांबायचं. दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली, बर्फाच्या पेट्या घेऊन चाललेला एक टेंपो, आणि एक नवरा-बायको-पोर-पिशवी अशी भरगच्च स्कूटर, एवढी रहदारी आम्ही थांबलो तेवढ्या वेळात गेली.

आता इतिहास. आगगाडी म्हटलं की आपण १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, एवढं घोकलेलं असतं आणि तिथेच थांबतो. पुढची पाच-सात वर्षं माझ्या मते जास्त मजेशीर आहेत. जी.आय.पी. रेल्वे ही खाजगी कंपनी. तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली, म्हणजे नफा झाला तर भागधारकांचा आणि तूट आली तर ती भरून काढायची हिंदुस्थानच्या महसुलातून, अर्थात शेतसाऱ्यातून. कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. त्यांनी लोहमार्गाची एक फांदी पुण्याकडून सोलापूरकडे, पुढे रायचूरच्या दिशेने काढली. त्या फांदीचं गणित मुख्यतः कापसाचं. बार्शी ही तेव्हा निजामाच्या मुलखातल्या मालाची मोठी पेठ. कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव कितीतरी वर्षं ‘बार्शी रोड’ होतं ते उगाच नाही.

१४ जून १८५८ ला खंडाळा ते पुणे मार्ग चालू झाला. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पुण्याहून डिकसळपर्यंत. ६४ मैल. जरा तारखेकडे बघा. १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा निघाला, ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य गेलं आणि राणीचं आलं. त्यानंतर सहा आठवड्यांत इंदापूर तालुक्यातल्या या भीमाकाठच्या खेड्यात गाडी येऊन थांबली. तात्या टोपे त्या वेळी अजून पकडले गेलेले नव्हते. उत्तरेत अजून धुमश्चक्री आणि इथे इंजिनात पाणी भरणं चाललेलं.

आणखी गंमत म्हणजे मुंबईहून ही गाडी सलग येत नव्हती. बोर घाटातलं काम अर्धवट होतं, ते पुरं व्हायला १८६३ चा एप्रिल उजाडला. तोवर मुंबईचा उतारू गाडीने घाटाखाली खोपोलीला यायचा, तिथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळ्याला चढायचा आणि परत गाडीत बसायचा. म्हणजे देशावर आगगाडी आधी धावू लागली आणि घाट नंतर जोडला गेला.

डिकसळला गाडी थांबली ती पुढे नदी होती म्हणून. पलीकडचा तुकडा, डिकसळ ते बार्शी रोड, २३ ऑक्टोबर १८५९ ला उघडला. मधले दहा महिने डिकसळ हे या फांदीचं शेवटचं स्टेशन होतं! त्या दहा महिन्यांत तिथे काय गलबला असेल याची कल्पना करा. बार्शीकडून, परांड्याकडून, आमच्या बालाघाटाकडून आलेल्या गाड्या नदी उतरून पैलतीराला लागायच्या, कापसाच्या गाठी, गळिताचं धान्य, अडते, हमाल, घोडी, खानावळी. पूल झाला, गाडी पुढे गेली, आणि डिकसळ परत खेडं झालं.

तो पूल म्हणजे ४० फुटी गाळ्याच्या २८ कमानी, नदीच्या तळापासून ६० फूट उंच. लांबी चारशे मीटरच्या आसपास. काळा दगड आणि चुना. त्या काळात या कंपनीच्या सगळ्याच दगडी बांधकामांचं असं भलं झालं नाही, बोर घाटातला एक मोठा दगडी पूल १८६७ साली पावसाळ्यात कोसळला आणि त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली. बांधणाऱ्या माणसांची नावं मात्र कुठेच नाहीत. बर्कलीसाहेबांचं नाव राहिलं (ते १८६२ सालीच वारले), वडार-बेलदार-गवंड्यांचं नाही.

पुलात बळी दिला जातो, ही समजूत आपल्याकडे पक्की. आत्या लहान असताना तिची आजी पोरांना पुलाकडे जाऊ द्यायची नाही, ‘पुलाला माणूस लागतं’ म्हणून. हसू नका, स्कॉटलंडातही तसलंच आहे. ग्लेनफिननच्या पोकळ खांबात घोडा गाडीसकट पडला आणि तसाच काँक्रीटमध्ये गाडला गेला, अशी तिथली शंभर वर्षांची कथा. १९८७ साली एका प्राध्यापकाने खांबाच्या आत कॅमेरा सोडून पाहिलं, काही नाही. शेवटी २००१ मध्ये घोडा सापडला तो त्याच मार्गावरच्या दुसऱ्या पुलात! म्हणजे गोष्ट खरी, पत्ता चुकीचा.

तर १८५९ पासून शंभरावर वर्षं पुणे-सोलापूर मार्गावरच्या गाड्या या पुलावरून गेल्या. मुंबई-मद्रास मेलसुद्धा इथूनच जायची. आत्या १९६० च्या दशकात लग्न होऊन त्या गावात गेली. ती सांगते, घड्याळ कुणाकडे नव्हतं, पुलावर गाडीचा आवाज वेगळा यायचा आणि त्यावरून बाया चूल पेटवायच्या. “मालगाडीचा आवाज जड, आन् मेलचा हलका. रातच्याला बिनचूक कळायचं.”

मग धरण आलं.

उजनीचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. माढा तालुक्यात उजनी गावापाशी भीमा अडवली. जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात, पण ते कागदावर. बोलताना सगळे उजनीच म्हणतात, काठावरचे लोक नुसतं ‘पाणी’ म्हणतात. धरण फार उंच नाही, पण मुलूख सपाट. त्यामुळे पाणी उंच न चढता पसरत गेलं. इंदापूर, करमाळा, कर्जत अशा तीन जिल्ह्यांच्या तीन तालुक्यांत ते शिरलं. पळसदेवचं पळसनाथाचं शेकडो वर्षांचं देऊळ त्यात गेलं, कुगावचा वाडा गेला, नदीकाठची चांगली काळी रानं गेली. आणि रेल्वेचा १८५९ चा मार्गही. सत्तरच्या दशकात मार्ग उचलून वर नेला. आज भिगवण सोडलं की गाडी नव्या पुलावरून पाणी ओलांडते आणि जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे करत जेऊरला जाते. रेल्वेच्या वेळापत्रकातून डिकसळ हे नाव गेलं. एकेकाळचं शेवटचं स्टेशन!

मोकळा झालेला पूल मग रस्त्याला दिला. हे कुणी ठरवलं त्याला माझा नमस्कार. कारण नदी होती तोवर उन्हाळ्यात गाड्या उतरून पलीकडे जात, पावसाळ्यात होड्या चालत, सोयरिकी दोन्ही काठांवर होत. इंदापूरची मुलगी करमाळ्याला, करमाळ्याची इंदापूरला. पाणी आल्यावर नदी कुठे तीन तर कुठे पाच किलोमीटरची झाली. समोरच्या काठावरचं गाव दिसतं, त्यातल्या घराचा पत्रा उन्हात चकाकताना दिसतो, पण जायचं तर सबंध दिवसाचा वळसा. करमाळ्याच्या पश्चिमेकडच्या गावांना भिगवणचा बाजार, दवाखाना, कॉलेज, दूध, ऊस, मासळी या सगळ्यासाठी हाच एक जवळचा रस्ता उरला. बिनरुळांचा रेल्वेपूल.

आत्याला मी विचारलं, गाव उठलं तेव्हाचं काय आठवतं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “दारं-चौकटी काढून नेल्या. मागं भिंती ऱ्हायल्या. पाणी हळूहळू आलं, रोज थोडं. कुत्री लई दिवस तिथंच बसून ऱ्हायली.” मग थोडं थांबून, “उंबरा न्हाई निघाला.” तिच्या सासऱ्यांनी उंबरा काढायचा फार प्रयत्न केला, दगडी होता, निघाला नाही. जून २०२४ मध्ये तिच्या गावाची जागा वर आली होती. तिथून दोन मैलांवर. आत्याचा मुलगा मोटारसायकलवर जाऊन जोत्यांचे फोटो काढून आला होता. आत्या स्वतः गेली नाही. “उन्हं लई हायेत,” म्हणाली.

आता परश्याकडे येऊ. सिनेमात त्याच्या घरचे मासे धरतात. उजनी व्हायच्या आधीही नदीवर मासेमारी होती, पण थोडकी. हे एवढ्या होड्या, एवढी जाळी, भिगवणचा मासळीचा मोठा बाजार, ट्रकभर चिलापी, हे सगळं धरणानंतरचं. शेती गेलेल्यांतले काही मासेमारीला लागले, आणि बाहेरून आलेली कुटुंबंही काठावर झोपड्या टाकून राहिली. म्हणजे ज्या पाण्यावर आर्ची-परश्याची गोष्ट घडते, ते पाणी त्यांच्या आजीआजोबांच्या तरुणपणी तिथे नव्हतंच. सिनेमात हे कुणी सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पण काठावरचं साठीचं माणूस ते गाणं बघतं तेव्हा त्याला त्यात काय दिसत असेल, हे मला आत्याच्या ओसरीवर बसल्यावर कळलं. तिने ‘सैराट’ टीव्हीवर दोनदा पाहिलाय. “आपलं रान हाय त्यात, खाली,” म्हणते.

आम्ही गेलो त्याच्या बाराच दिवस आधी, २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली होती. होडीत सात जण. एक जण पोहून काठाला लागला, सहा बुडाले, त्यात लहान मुलं होती. तेच कुगाव, जिथे लोक वाडा बघायला जातात. दोन्ही काठांवरच्या लोकांना होडीशिवाय दुसरी सोय नव्हती, चाळीस वर्षं ते तसेच ये-जा करत होते. आम्ही गेलो तेव्हा आत्याच्या गावात तोच विषय. निकालांचं कुणी फार बोलत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, इंग्रजांनी कापूस न्यायला पूल बांधला तो आम्हाला अजून पुरतोय, आपल्या सरकारनं पाणी आणलं पण पूल न्हाई आणला.

हे बोलणं सबंध खरं नाही. शिरसोडी ते कुगाव असा मोठा पूल बांधायचं काम हाती घेतलं गेलंय. आणि डिकसळच्या जुन्या पुलाशेजारीही नवा पूल मंजूर झालाय, कारण जुन्याला आता होईनासं झालंय. अलीकडच्या वर्षांत त्याचा काही भाग खचला, जड वाहनांना बंदी आली, उसाच्या गाड्यांना वळसा पडला. रेल्वेची इंजिनं झेललेल्या पुलाला उसाच्या ट्रॉल्या आणि वाळूचे ट्रक जड व्हावेत हे ऐकायला विचित्र वाटतं. पण वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यात उभं राहायचं, मग उघडं पडायचं, पुन्हा बुडायचं, हे त्या चुन्याच्या हिशोबात कधी नव्हतं. तो नदीसाठी बांधला होता, तलावासाठी नव्हे.

बीड जिल्ह्याच्या माणसाने यावर एवढं का लिहावं, असं कुणी म्हणेल. सांगतो. उजनीच्या पाण्यावर जो ऊस उभा राहिला तो तोडायला आमच्याकडची माणसं जातात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून निघतात. आष्टी तालुक्यातल्या कितीतरी लोकांनी डिकसळचा पूल सिनेमात नव्हे, उसाच्या गाडीवर बसून पाहिलाय. माझ्याबरोबर शाळेत असलेले दोघे-तिघे त्यात होते. त्यांना पुलाचं वय विचारलं तर सांगता यायचं नाही, पण पहाटे त्याच्यावर बैलांना किती गार लागतं ते सांगतील.

दुसरं कारण रेल्वे. १८५८ साली डिकसळला गाडी आली तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात. सीनेच्या पलीकडे इंग्रज, अलीकडे निजाम. कंपनीला इकडे यायचं कारण नव्हतं. नगरला १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्गाने गाडी आली, आमच्याकडे नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, तरी नाही. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा जन्मलेली पोरं बापडी लग्नं होऊन पोराबाळांची झाली, तेव्हा २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून कड्यावरून आष्टीपर्यंत गाडी धावली. गावात असं कौतुक की विचारू नका. कांदा बाजार समितीत टाकून माणसं नुसती गाडी बघायला स्टेशनात. डिकसळ ते कडा रस्त्याने शंभर किलोमीटरसुद्धा नाही. गाडीला १६४ वर्षं लागली. पुढे १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनीच, ती बीडला पोचली.

आणि तिसरं कारण पाणी. कृष्णा-मराठवाडा योजनेतून उजनीचं पाणी आष्टी तालुक्यात आणायचं, खुंटेफळला साठवण तलाव करायचा, असं कित्येक वर्षं चाललंय. ५ फेब्रुवारी २०२५ ला शिंपोरा ते खुंटेफळ बोगद्याच्या कामाचा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कार्यक्रम झाला. आमच्याकडे मार्चपासून टँकर लागतात. पाणी यावं असं मला मनापासून वाटतं, यात कसलाही आडपडदा नाही.

बीडची गाडी सुरू झाल्यानंतर आत्या आमच्याकडे राहायला आली. भाच्याचा हट्ट, की आजीला सगळा प्रवास रेल्वेने करायला लावायचा. जीपने अडीच तासांत येण्याऐवजी जेऊरहून दौंड, दौंडहून नगर, नगरहून कडा, अशी तीन गाड्या बदलत, सबंध दिवस घालवून ती आली. दौंडला जाताना भिगवणच्या अलीकडे नव्या पुलावर तिने भाच्याला जुना पूल खिडकीतून दाखवला. त्या वेळी धरण भरलेलं, कमानींचे नुसते माथे वर.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला खुंटेफळच्या तलावाचं सांगत होतो, उजनीचं पाणी इथवर येणार म्हणून. ती सुपारी कातरत ऐकत होती. मग विचारलं, “तिथं रानं कुणाची हायेत?”

मी म्हटलं, तिथल्याच लोकांची, आणखी कुणाची.

“मग त्यांना रानाला रान देणार का पैका?”

मी म्हटलं, चौकशी करून सांगतो. भाच्याला म्हणाली, “तू लिहून घे रे, न्हाईतर ह्यो इसरंल.”